पंडिता रमाबाई आणि हातांची विद्या

धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेत संतांची चरित्रे यावीत, सॅव्हॉय प्रांतातून या गोदाकाठच्या मुलखात आलेल्या संत फ्रान्सिस डी सेल्स संघाच्या मिशनरी धर्मगुरूंचे श्रम आठवावेत, हे योग्यच होय. तथापि आम्ही येथे ज्यांचे चरित्र लिहावयास घेतले आहे, त्या आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या सभासद नव्हत्या. इंग्लंडात त्यांनी अँग्लिकन पंथाचा बाप्तिस्मा घेतला आणि पुढे त्या पंथाच्या अधिकाऱ्यांशीही त्यांचे फारसे जमले नाही. ही गोष्ट आम्ही झाकून ठेवीत नाही. मग पंडिता रमाबाईंचे चरित्र या पानांत कशासाठी, असे वाचकांपैकी कोणी विचारील. याचे उत्तर एका गोठ्यात आहे.

नाताळच्या आधी आमच्याकडील मुले बाळ येशूचा गोठा करतात. कडब्याची ताटे, तुऱ्हाट्या, सुतळी आणि वैजापूरची काळी माती, एवढेच साहित्य. एका वर्षी छप्पर दोनदा कोसळले. तिसऱ्या खेपेस एका लहान मुलीने मेढींना तिरपे टेकू दिले आणि छप्पर उभे राहिले. ते टेकू तिला कोणी सांगितले नव्हते. घरच्या मांडवाकडे तिने नीट पाहिले होते, इतकेच. आम्हांस याचे मोठे कौतुक वाटले. परंतु त्याच आठवड्यात एका पालकांनी येऊन स्पष्ट विचारले, की आम्ही मूल शाळेत पाठवितो ते मातीत हात घालावयास काय? चित्रकला, हस्तव्यवसाय, कागदकाम यांचे तास काढून टाकावेत आणि त्या वेळात इंग्रजी व गणित शिकवावे, असे त्यांचे म्हणणे होते. असे म्हणणारे ते एकटे नाहीत.

हे म्हणणे मूर्खपणाचे आहे, असे आम्हांस वाटत नाही. आमच्यापैकी पुष्कळांच्या आज्यापणज्यांनी अंबाडीचे दोर वळले, चामडे कमावले, दुसऱ्याच्या शेतात खुरपणी केली, आणि हे सर्व दुसऱ्याच्या हुकमाखाली व गावकुसाबाहेर राहून केले. त्यांस हातांचे काम ही निवडलेली विद्या नव्हती, ती गळ्यात अडकविलेली गोष्ट होती. अशा घरातील बापास मुलाच्या हाती मातीपेक्षा लेखणी दिसावी असे वाटले, तर त्यास नावे कोण ठेवील? म्हणूनच आम्ही अशा एका बाईंचे चरित्र निवडले, की ज्यांच्या घरी हातांचे काम शतकानुशतके निषिद्ध होते आणि त्या निषेधाची किंमत ज्यांनी माणसे गमावून चुकविली.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात, आज कर्नाटकात असलेल्या गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण व मोठे संस्कृत पंडित. स्त्रीने संस्कृत शिकणे हे त्या काळी पाप समजले जाई. अनंतशास्त्र्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला ते शिकविले, धर्मसभेपुढे त्याचे समर्थन केले आणि गावच्या कटकटीस कंटाळून रानात घर केले. पुढे कर्जामुळे ते घरही सुटले. रमाबाई अगदी तान्ह्या असतानाच कुटुंब तीर्थयात्रेस निघाले आणि मग वर्षानुवर्षे चालतच राहिले. देवळांच्या ओवरीत अथवा झाडाखाली पुराण सांगावे, श्रोते जे धान्य, पैसा ठेवतील त्यावर निर्वाह करावा, असा क्रम होता. मुलीस आईने तोंडी शिकविले. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत अठरा हजार श्लोक तिला मुखोद्गत होते. पाटी नाही, चित्र नाही, सुई नाही. सर्व विद्या कानांनी घेतलेली आणि जिभेवर ठेवलेली.

मग दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराण ऐकण्यास कोणापाशी दाणे उरले नाहीत. भांडी गेली, दागिने गेले, शेवटी कुटुंबाने रानातली पाने खाऊन दिवस काढले. मजुरी करावी, तर ती कशी करतात हे घरात कोणास माहीत नव्हते, आणि भीक मागण्यास अभिमान आड येई. १८७४ साली वडील गेले. त्यांच्या मागोमाग आई गेली. नंतर थोरली बहीण गेली. ही हकीगत रमाबाईंनी पुढे १९०७ साली आपल्या साक्षीत स्वतः लिहून ठेविली आहे. एवढ्या विद्वान घरात पोट भरण्याजोगे एकही काम कोणास येत नव्हते, ही खंत तीत पदोपदी दिसते. उरलेली दोन भावंडे, श्रीनिवास आणि रमा, पायी उत्तरेस गेली. झेलम नदीच्या काठी थंडी सोसवेना, तेव्हा वाळूत खड्डे खणून, डोके तेवढे बाहेर ठेवून त्यांनी अंगावर कोरडी वाळू ओढून रात्री काढल्या.

१८७८ साली ती दोघे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती अशा पदव्या दिल्या. दोन वर्षांत भाऊ वारला. बाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. मुलगी मनोरमा जन्मली. आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीही गेले. चोविसाव्या वर्षी विधवा होऊन त्या पुण्यास आल्या. आर्य महिला समाज, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक, हंटर कमिशनपुढील साक्ष, हा त्या वर्षाचा इतिहास महाराष्ट्रास ठाऊक आहे. साक्षीत त्यांनी मुलींच्या शाळांस चांगल्या शिकलेल्या स्त्री शिक्षिका हव्यात, असा आग्रह धरला. शाळेची इमारत वा पुस्तक यांच्याआधी शिकविणारीचा विचार केला पाहिजे, हे त्यांस तेव्हाच कळले होते.

१८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या, त्या वैद्यक शिकावयास. परंतु कानांनी दगा दिला. बहिरेपण वाढत गेले आणि डॉक्टर होण्याचा विचार सोडावा लागला. ज्या बाईंची सारी विद्या श्रवणातून आली होती, त्यांवर हा प्रसंग यावा! वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात त्या राहिल्या. फुलहॅम येथे त्या भगिनी पतित स्त्रियांची सेवा कशी करतात हे त्यांनी पाहिले, आणि ज्यांना सारा समाज टाकून देतो त्यांना पुन्हा उभे करणारी ही दया कोठून येते, या प्रश्नाने त्यांस ख्रिस्ताकडे नेले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या कॉलेजात त्यांनी अध्ययन व अध्यापन केले. सिद्धान्तांविषयी त्यांच्या शंका फार होत्या आणि त्या त्यांनी वडीलधाऱ्या भगिनींस निर्भयपणे कळविल्या. आम्हां कॅथलिकांस त्यांची काही मते मान्य होणार नाहीत. त्यांचा प्रामाणिकपणा मात्र कोणीही मान्य करील.

आता आम्ही मुख्य गोष्टीकडे येतो. १८८६ च्या मार्चात आनंदीबाई जोशी यांस डॉक्टरकीची पदवी मिळण्याचा समारंभ अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी होता. आनंदीबाई रमाबाईंच्या नात्यातल्या. थोड्याच दिवसांसाठी म्हणून बाई तेथे गेल्या आणि सुमारे अडीच वर्षे राहिल्या. भाषणे, सभा, देणग्या, द हाय कास्ट हिंदू वुमन हे गाजलेले पुस्तक, हे सर्व झालेच. पण त्याच काळात या पदवीधर पंडितेने लहान मुलांच्या शिक्षिकांच्या वर्गात नाव घातले आणि किंडरगार्टनचे शिक्षण घेतले. अठरा हजार श्लोक ज्यांच्या जिभेवर, त्या रंगीत लोकरीचे चेंडू आणि लाकडी ठोकळे घेऊन पाठ गिरवावयास बसल्या! या एका दृश्यासाठी देखील हे चरित्र लिहिण्याजोगे आहे.

किंडरगार्टन ही पद्धत जर्मनीतील फ्रीड्रिश फ्रोबेल या पाद्र्याच्या मुलाने घातली. लहान मुलांसाठी त्याने १८३७ साली जी शाळा काढली, तिला १८४० साली त्याने मुलांची बाग असे नाव दिले. मुलास आधी सहा रंगांचे लोकरीचे चेंडू द्यावयाचे. मग लाकडाचा गोल, ठोकळा आणि लाटण्यासारखा लंबगोल. मग आठ लहान ठोकळ्यांत विभागणारा एक मोठा ठोकळा. या वस्तूंस तो देणग्या म्हणे. आठ ठोकळ्यांची मुलाने खुर्ची केली, पायऱ्या केल्या, तर तो जीवनातला आकार. त्याच आठांचे चार आणि चार, दोन आणि दोन असे भाग पाडले, तर तो ज्ञानाचा आकार. आणि तेच ठोकळे मध्यबिंदूभोवती फुलासारखे मांडले, तर तो सौंदर्याचा आकार. यात एक नियम फार मार्मिक आहे. पहिली मांडणी विस्कटून टाकून दुसरी करावयाची नाही. एकेक ठोकळा सरकवून पहिलीतूनच दुसरी काढावयाची, आणि एकही ठोकळा वगळावयाचा नाही. मोडल्यावाचून बदलणे हे ज्या मुलास साधले, त्याच्या बुद्धीस केवढे वळण लागले! यांखेरीज कागदाच्या घड्या, कागदी पट्ट्यांची विणकाम, टाचणीने छिद्रे पाडून काढलेली चित्रे, चौकटीच्या कागदावरील रेखाटन, शिवण, आणि चिकणमातीचे काम. आमच्याकडे पोळ्याला मुले मातीचे बैल करतात आणि अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढतात. ज्याने ठिपक्यांची रांगोळी घातली आहे, त्यास फ्रोबेलचे अर्धे म्हणणे आधीच समजले आहे.

फ्रोबेलची ही बाग प्रशियाच्या सरकारने १८५१ साली बंद केली. मुलांच्या खेळात सरकारास नास्तिकपणा व बंडखोरी दिसली. बंदी उठली १८६० साली, पण फ्रोबेल १८५२ सालीच वारला होता. ठोकळ्यांस भिणारे सरकार, याहून अधिक काय लिहावे?

रमाबाईंनी यात काय पाहिले असेल, हे त्यांच्या पूर्वायुष्यावरून स्पष्ट दिसते. पाठांतराने त्यांस कीर्ती दिली होती, परंतु पाठांतराने त्यांच्या आईबापांचे प्राण वाचले नव्हते. हिंदुस्थानातील बालविधवा परावलंबी का, तर तिला हातांनी काही करता येत नाही आणि डोळ्यांनी काही पाहण्याची सवय लावलेली नाही, हे त्यांनी ओळखले. म्हणून आपल्या नियोजित शाळेत किंडरगार्टन पाहिजेच, आणि त्यातील शिक्षण घेऊन मुलींनी स्वतः शिक्षिका झाले पाहिजे, असा त्यांचा निश्चय होता. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले व दहा वर्षे खर्च देण्याचे त्याने कबूल केले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले. आरंभीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई ही बालविधवा होती. तीच पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह करून आनंदीबाई कर्वे झाली. शारदा सदनात धर्माच्या बाबतीत सक्ती नव्हती आणि ब्राह्मण मुलींचे सोवळेओवळेही पाळले जाई. तथापि बाईंच्या स्वतःच्या प्रार्थनेच्या खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली तेथे येऊन बसत. त्यावरून १८९३ साली मोठे वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूस झाले. केसरीने कडक टीका केली. पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. कोणाची बाजू किती खरी, याचा निकाल आम्ही येथे करीत नाही. इतके खरे, की शाळा बंद पडली नाही.

पुण्यापासून दौंडकडे जाणाऱ्या आगगाडीच्या वाटेवर केडगाव आहे. आमच्या रोटेगाव स्टेशनावरून निघाले, तर मनमाडवरून दौंड गाठावे आणि तेथून पुण्याच्या बाजूस थोडे जावे. या ओसाड माळावर बाईंनी सुमारे शंभर एकर जमीन घेतली होती, ती फळबागेसाठी. शाळेस स्वतःचे उत्पन्न असावे, हा हेतू. १८९६ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला. बाई तिकडे गेल्या. त्यांनी जे पाहिले, ते त्यांच्या स्वतःच्या बालपणाचे चित्र होते. सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेग असल्यामुळे त्यांस तेथे ठेवता येईना, म्हणून केडगावच्या माळावर तंबू व झोपड्या उभ्या राहिल्या. त्याचेच मुक्ति सदन झाले. १८९८ च्या सप्टेंबरात त्याचे समर्पण झाले. १९०० च्या दुष्काळात गुजराथेतून आणखी शेकडो आल्या व संख्या पंधराशेच्या वर गेली. तोच छप्पन्नचा दुष्काळ आमच्या मराठवाड्यातील वडील माणसांच्या गोष्टींतही येतो.

येथे आम्हांस एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. पंधराशे उपाशी जीवांच्या वसाहतीत फ्रोबेलची बाग जशीच्या तशी लावता येत नाही. लहान मुलांस किंडरगार्टन होते. परंतु मोठ्या मुलींस पहिल्या दिवसापासून पोटाचा उद्योग शिकणे भाग होते. रंगीत चेंडूंची जागा मागाने, घाण्याने आणि चुलीने घेतली. विणकाम, शिवणकाम, दुधाचा गोठा, शेती, तेल गाळणे, धुलाई, टोपल्या विणणे, भांड्यांस कल्हई करणे, छापखाना, पुस्तकबांधणी, अशी कामे तेथे चालत. काहींचे मत असे, की बाईंनी शाळेचा कारखाना केला. आम्हांस ते पटत नाही. कारखान्यात माणूस एकच काम जन्मभर करतो आणि त्यास का हे विचारण्याची मुभा नसते. मुक्ति सदनातील मुली वाचावयास शिकत होत्या, कामात पालट होत होता, आणि जी शिकली तिने दुसरीस शिकवावे, हा तेथला परिपाठ होता.

आणि कामाचे वाटप जातीवर नव्हते. हा मुद्दा आमच्या त्या पालकांसाठी आम्ही मुद्दाम मांडतो. चित्पावन घरात जन्मलेल्या रमाबाई स्वतः त्या मुलींबरोबर राबल्या. ज्यांच्या घराण्यात कल्हईवाल्याची सावली टाळीत, अशा घरांतील मुली आणि कुणब्यांच्या, महारांच्या मुली एकाच भट्टीजवळ बसल्या. आमच्या पूर्वजांकडून काम करून घेतले गेले. येथे काम शिकविले गेले. मातीचा गोळा दोन्ही ठिकाणी एकच. पण तो कोणाच्या हुकमाने घडतो आणि कोणाच्या कल्पनेने घडतो, यावर सारे अवलंबून आहे. ज्या मुलीने गोठ्याला तिरपे टेकू दिले, तिला तसे करण्याचा हुकूम नव्हता.

आंधळ्यांच्या बाबतीत तर हातांच्या विद्येचा अर्थ अक्षरशः खरा ठरला. दुष्काळातून आलेल्यांत अंध मुली पुष्कळ होत्या. मनोरमाबाईंनी अमेरिकेत ब्रेल लिपी शिकून घेतली आणि केडगावी येऊन त्या मुलींस उठावाच्या ठिपक्यांवरून बोटांनी वाचावयास लावले. या विभागास येशूने दृष्टी दिलेल्या बार्तीमयाचे नाव दिले होते. वेतकाम व टोपल्या करून त्या आपला वाटा उचलीत. ज्यांस भिकेवाचून गती नव्हती, त्यांच्या बोटांत अक्षरेही आली आणि धंदाही आला.

१९०५ च्या सुमारास मुक्ति सदनात प्रार्थनेची जी मोठी लाट आली, तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ती बाब आमच्या विषयाबाहेरची म्हणून सोडून देतो. १९१९ साली सरकारने बाईंस कैसर-इ-हिंद पदक दिले, तेही नुसते नोंदवितो. त्यांचे मन तेव्हा दुसऱ्याच कामात गुंतले होते.

ते काम म्हणजे पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर. चालू भाषांतराची मराठी खेड्यातील अल्पशिक्षित बाईस जड जाते, असे त्यांस वाटे. म्हणून पन्नाशीकडे झुकल्यावर त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांवरून सोप्या मराठीत भाषांतर करू लागल्या. हे काम सुमारे दीड तप चालले. कॅथलिक वाचकांस हे ठाऊक आहेच, की आपला शास्त्रग्रंथांचा संग्रह व प्रॉटेस्टंट संग्रह यांत काही पुस्तकांचा फरक आहे. त्या बाबतीत हे भाषांतर आपले नव्हे. परंतु आम्हांस येथे छापखान्याकडे पाहावयाचे आहे. खिळे जुळविणे हे बारीक नजरेचे काम. प्रत्येक अक्षर उलटे वाचावे लागते. काना, मात्रा, वेलांटी यांचे वेगळाले खिळे. एक चुकला तर ओळ बिघडते. मराठीखेरीज हिब्रू आणि ग्रीक अक्षरेही त्या छापखान्यात होती. ज्या मुली काही वर्षांपूर्वी अन्नान्न करीत रस्त्याकडेला पडल्या होत्या, त्यांनी ती जुळविली, मुद्रिते तपासली, छापली, फर्मे घडी घालून शिवले आणि पुठ्ठे चढविले.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. संस्थेचा भार ज्या मुलीवर टाकावयाचा, तीच आधी गेली. बाईंनी लिहिण्याचे मेज सोडले नाही. शेवटची मुद्रिते हातावेगळी झाली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावी त्यांनी देह ठेविला. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली मुक्ति छापखान्यातून बाहेर पडला. त्याचे खिळे जुळविण्यापासून शेवटचा पुठ्ठा चिकटविण्यापर्यंतचे काम स्त्रियांच्या हातांनी झाले होते.